दाढ आणि पंक

गेल्या पोळ्याला माझी दाढ दुखू लागली आणि त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने बॅण्ड काढला. सक्करदऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ठणका कुठला आणि ड्रम कुठला, तेच कळेना.

"हे काय वाजवतोस बे?"

"पंक आहे, मामा!"

बहीण रडकुंडीला आली. "दादा, तूच समजव त्याले. शेवटचं वर्ष आहे इंजिनिअरिंगचं." समजवायचं तर माहिती हवी. म्हणून दाढेखाली लवंग धरून मी पंकचा इतिहास वाचायला बसलो, तर त्याच्या मुळाशीही एक दाढच निघाली! आणि तीसुद्धा आपल्या पाचगणीतली.

फरुख बलसारा नावाचा पारशी मुलगा, जन्म १९४६, झांझिबारचा. आईबापांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथे तो 'हेक्टिक्स' नावाच्या बॅण्डमध्ये पियानो वाजवी. दात पुढे आलेले, म्हणून पोरं त्याला 'बकी' म्हणत. हाच पुढे 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी झाला.

१ डिसेंबर १९७६ रोजी लंडनच्या टीव्हीवर 'क्वीन'ची मुलाखत व्हायची होती. ती ऐनवेळी रद्द झाली. फ्रेडीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, असं सांगतात. आता रिकाम्या खुर्च्या कोणी भरायच्या? ईएमआय कंपनीने आपल्याच पदरचा दुसरा बॅण्ड पाठवला : सेक्स पिस्टल्स. मुलाखतकार बिल ग्रंडीने पोरांना खिजवलं आणि पोरांनी ऐन संध्याकाळी, लोकांच्या चहाच्या वेळेला, शिव्यांची लाखोली वाहिली. दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं पेटली. तोवर मोजक्या क्लबांपुरतं असलेलं पंक घरोघरी पोचलं. ग्रंडीला दोन आठवडे घरी बसवलं, पोरांचे बहुतेक कार्यक्रम रद्द झाले आणि जानेवारीत कंपनीने करारही मोडला.

आम्हां नागपूरकरांना यात नवल ते काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा बडग्यांच्या अंगावर पाट्या लावून आम्ही सरकारपासून महागाईपर्यंत सगळ्यांच्या नावाने शंख करतो. तेही शंभरावर वर्षं, आणि कंपनीशी करार न करता!

पिस्टल्सची कारकीर्द मात्र मारबतीच्या मिरवणुकीइतकीच लांब. १९७७ साली एकच अल्बम, आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फाटाफूट. १९७७ मध्ये बॅण्डमध्ये आलेला सिड व्हिशस बास गिटार घेऊन उभा राही, पण वाजवणं यथातथाच. व्हिशस म्हणजे दुष्ट. एकदा स्टुडिओत त्याने फ्रेडीची टर उडवली, तेव्हा फ्रेडीने त्यालाच 'फेरोशस' म्हणून वाटेला लावलं, म्हणतात. पाचगणीचं पाणी! पण २ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमली पदार्थांनी सिडचा जीव घेतला. वय एकवीस.

इथे माझं हसू थांबलं. शेजारच्या खोलीत धडाधड वाजवत होता, त्या पोट्ट्याचंही वय एकवीस.

मी आत गेलो. भाषण तयार होतं, पण तोंडातून एवढंच निघालं : "वाजव बाबा. पण आधी नीट वाजवायला शीक. आणि रात्री जेवायला घरी येत जा."

"येतो ना, मामा. पण तुम्ही दाढ केव्हा दाखवता?"

अजून दाखवलेली नाही. आपण डॉक्टरच्या खुर्चीत बसलो की आपल्या खुर्चीत कोण येऊन बसेल, याचा काय नेम?