वर्ड-लाटेक परिवर्तक (व्यावसायिक)
मायक्रोसॉफ्ट वर्डमधील दस्तऐवज लाटेक या मुक्तस्रोत अक्षरजुळणी प्रणालीच्या संहितेत बदलून देणारी, विकत मिळणारी पूरक सॉफ्टवेअरे. चिक्री सॉफ्टलॅबचे ‘वर्डटूटेक’ आणि ‘ग्राइंडईक्यू’ ही त्यांतील परिचित नावे. गणिती नियतकालिके लाटेक मागतात, लेखक मात्र वर्डमध्ये लिहितात. परिवर्तकाची गरज त्यातूनच निर्माण झाली. खरी कसोटी समीकरणांची. जुनी समीकरणे इक्वेशन एडिटर किंवा मॅथटाइपच्या साच्यात असतात, वर्ड २००७ पासूनची एक्सएमएलमध्ये. दोन्ही वाचता यावी लागतात. चित्र म्हणून चिकटवलेले समीकरण चित्रच राहते. शीर्षकांना शैली न देता नुसते ठळक केले असेल, तर प्रकरणरचनाही हरवते (आणि दोष परिवर्तकाच्या माथी येतो!). साध्या मजकुरासाठी २००६ पासून उपलब्ध असलेले मोफत ‘पॅनडॉक’ पुरते. जुन्या समीकरणांनी भरलेल्या प्रबंधासाठीच पैसे मोजावेत.