जटपुरा गेटपासून आपल्या चौकापर्यंत

सोसायटीच्या स्थापनेचा इतिहास या स्मरणिकेत दुसऱ्यांनी लिहिला आहे, आणि तो त्यांनीच लिहायला हवा होता. भूखंड, कर्ज, पाण्याची टाकी यांसाठीचे सगळे हेलपाटे त्यांनीच घातले. मला संपादक मंडळाने 'बँकेतल्या आठवणी लिहा' म्हणून सांगितले होते. पण बँकेतल्या आठवणी बँकवाल्यांनाच गोड लागतात. म्हणून मी आपल्या फाटकासमोरच्या चौकाबद्दल लिहितो. त्याचाही इतिहास आहेच, आणि तो आपल्यापासून सुरू होत नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा त्याला चौक म्हणावे असे काही नव्हते. दोन रस्ते एकमेकांना छेदत होते, एवढेच. सायकली, एखादी लुना, संध्याकाळी परतणाऱ्या म्हशी. आज सकाळी शाळा भरायच्या वेळेला तिथे उभे राहून पाहा. स्कूल बस, ऑटो, मागे दोन-दोन लेकरे बसवलेल्या दुचाक्या, आणि त्यातच कोळसा खाली करून परतणारा ट्रक. शाळा रस्त्याच्या पलीकडे, आपली पोरे अलीकडे. मागच्या वार्षिक सभेत ठराव झाला की चौकात सर्कल बांधून मिळावे. ठराव एकमताने झाला, पण सर्कल म्हणजे काय, यावर दोन माणसांचेही एकमत नव्हते. कोणी कारंजे म्हणाले, कोणी पुतळा, कोणी म्हणाले रौप्यमहोत्सवाचा फलक. माझे म्हणणे गोंगाटात राहून गेले, ते इथे मांडतो.

आधी आपल्या गावाचे पाहू. चंद्रपूर हे परकोटाचे गाव. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट साधारण अकरा किलोमीटरचा. चार दिशांना चार दरवाजे: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या, त्यांतल्या चोर खिडकी आणि मसाण खिडकी या नावांवरूनच त्यांचा उपयोग कळतो. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला. आपण त्याच्याखालून रोज जातो, पण मान वर करून कोण पाहतो? या दरवाजांचे काम शत्रूला आणि इरई-झरपटच्या पुराला अडवण्याचे होते. पण त्यांच्याकडून आणखी एक काम आपोआप झाले. गावात येणारा प्रत्येक जण, घोडेस्वार असो की बैलबंडीवाला, कमानीपाशी आला की हळू होई. समोरून बंडी येत असेल तर थांबे. त्यासाठी शिपाई लागत नसे, कारण दगडच तसा रचला होता.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदाही इंग्रजांकडे गेला. पुढे नगरपालिका आली, रेल्वे आली, कोळशाच्या खाणी आल्या, आमच्या डोळ्यांदेखत वीज केंद्र आले. गाव परकोटाबाहेर सांडले. कमान मात्र तेवढीच राहिली. म्हणून जटपुरा गेटची कोंडी हा चंद्रपुरात बारा महिने चालणारा विषय आहे. परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, आणि २०१० च्या कायद्याने संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. ते योग्यच आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या मंडळींनी या परकोटावरची झाडेझुडपे, कचरा हाताने काढला, तो काय उद्या फोडण्यासाठी? आत महात्मा गांधी मार्ग आणि कस्तुरबा मार्ग एकेरी करून वाट काढली आहे. एका रस्त्याने जायचे, दुसऱ्याने परतायचे. नीट पाहिले तर हे एक लांबोळके सर्कलच झाले.

आता खऱ्या सर्कलकडे येतो. जगात गोल चौक जुने आहेत, पण त्याभोवती सगळ्यांनी एकाच दिशेने फिरावे ही कल्पना गेल्या शतकातली. विल्यम एनो नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ च्या सुमारास ती लागू करवली. पॅरिसमध्ये युजीन एनार या वास्तुविशारदाच्या विचारातून १९०७ साली तिथल्या विजयकमानीभोवती गाड्या एका दिशेने फिरू लागल्या. म्हणजे तिथेही मध्ये कमानच! इंग्लंडात लेचवर्थ या उद्याननगरीत १९०९ च्या सुमारास पहिले सर्कल झाले.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सर्कल तर बांधले, पण आधी कोणी जायचे? आत फिरणाऱ्याने की बाहेरून येणाऱ्याने? बऱ्याच ठिकाणी बाहेरून येणाऱ्याचा हक्क आधी, असा नियम किंवा वहिवाट होती. याचा परिणाम समजायला एसटी स्टँडवर जावे. मूलची गाडी लागली की चढणारे दारात घुसतात, उतरणारे आत अडकतात, आणि कोणालाच काही करता येत नाही. कंडक्टर ओरडतो, "अजी, आधी उतरू द्या ना!" सर्कलचे तंतोतंत हेच झाले. येणारे घुसत राहिले, आतले बाहेर पडू शकले नाहीत, आणि गोल गच्च झाला. अमेरिकेत तर १९५० नंतर लोकांनी सर्कलचा नादच सोडला. सिग्नल बरे म्हणाले.

इंग्लंडात फ्रँक ब्लॅकमोर नावाचा सरकारी संशोधन संस्थेतला अभियंता होता. त्याने या प्रश्नावर प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोग केले. नोव्हेंबर १९६६ पासून तिथे नियम झाला: येणाऱ्याने थांबायचे, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. एवढासा नियम, पण त्याने दोन गोष्टी झाल्या. कोंडी सुटली, आणि मोठ्या गोलाची गरजच राहिली नाही. ब्लॅकमोरने पुढे रस्त्यावर नुसता रंगवलेला लहानसा गोल करूनही काम भागवून दाखवले. पॅरिसच्या कमानीपाशी मात्र अजूनही येणाऱ्याचाच हक्क आधी असतो, आणि तिथला गोंधळ जगप्रसिद्ध आहे.

आपल्याकडे डावीकडून गाडी चालते, म्हणून सर्कलभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचे. आत फिरणारी गाडी मग येणाऱ्याच्या उजव्या हाताकडून येते. २०१७ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९८९ च्या वाहतूक नियमांत लिहिले होते की मुख्य रस्ता ठरवलेला नसेल अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. म्हणजे ब्लॅकमोरचा नियम आपल्या पुस्तकात आहेच. लायसन्स काढताना आपण सगळ्यांनी त्याचे उत्तर बरोबर दिलेले असणार.

या पुस्तकांच्या इतिहासात आपल्या माणसाचे नाव आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२७ साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली. आणि १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी बसून रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली ती नागपुरात. ती आजही 'नागपूर प्लॅन' म्हणूनच शिकवतात. रोड्स काँग्रेसने १९७६ मध्ये सर्कलसाठी वेगळी नियमावली काढली. तिच्यात साऱ्या बाजूंनी मिळून ताशी सुमारे ३,००० वाहनांपर्यंतच सर्कल चालते, पुढे नाही, असे धरले होते.

मुंबईत हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारायला १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची जी आखणी केली, तिच्यातून किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल असे मोठे गोल आले. मी बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला असताना काही आठवडे माटुंग्याला राहत होतो. किंग्ज सर्कलची बाग मोठी प्रसन्न, पण तिच्यापर्यंत पोचायचे म्हणजे जीव मुठीत धरावा लागे. गाड्यांचा फेरा थांबतच नसे. खोदादाद सर्कलजवळच हिंदू कॉलनीत किंग जॉर्ज शाळा, आताचे राजा शिवाजी विद्यालय. तिथली पोरे घोळक्याने, एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडत. पुढे दोन्ही गोलांवरून उड्डाणपूल गेले. मला तेव्हाच वाटले होते, हे गोल ज्याने आखले त्याने गाडीतून आखले असावेत, पायी नव्हे. दिल्लीत लुटेन्सने, चंदीगडला कार्ब्युझिएने सर्कले केली. दिसतात छान. पण मोठ्या सर्कलला पायी चालणाऱ्याचे हाल, ही तक्रार सगळीकडची.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर आणखी तऱ्हा. चौकात गोल ओटा बांधतात, वर काही तरी उभारतात, भोवती रेलिंग लावतात, उद्घाटन होते. रस्त्याची रुंदी तशीच, गाड्यांचा वेग तसाच, झेब्रा पट्टे पहिल्या पावसात गेलेले. ओट्याभोवती वळसा नको म्हणून दुचाकीवाला सरळ उलट बाजूने जातो. याला मी सर्कल म्हणत नाही. गडचिरोलीचा इंदिरा गांधी चौक पाहा. आरमोरी, चामोर्शी, धानोरा आणि मूल-चंद्रपूर अशा चारही दिशांचे रस्ते तिथे एकत्र येतात. १९८२ मध्ये जिल्हा झाला, तेव्हाच्या गावाला तो चौक पुरेसा होता. आता तिथे महामार्गाची वाहने आहेत, आणि त्यातूनच शाळेत जाणारी मुलेही आहेत. खाली आलापल्ली-आष्टीच्या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चालतात. मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिालेली आठवी-नववीतली मुलगी त्यांच्या बाजूने शाळेला जाते. सायकल दिली ते उत्तमच केले. तिच्या रस्त्याचाही विचार त्याच फाइलीत व्हायला हवा होता.

मग शाळेजवळ सर्कल नकोच का? हवे, पण लहान आणि नव्या पद्धतीचे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात, एकपदरी सर्कलमध्ये ८ ठिकाणी. समोरासमोरची आणि काटकोनातली धडक, जिच्यात माणसे मरतात, ती जवळजवळ संपते. अमेरिकेने १९९० नंतर ही नवी सर्कले पुन्हा बांधायला घेतली. तिथे २४ चौकांच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसे जखमी होणारे अपघात सुमारे ७६ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. कार्मेल नावाच्या एका शहरात तर दीडशेच्या वर सर्कले आहेत.

यातले खरे काम मधला गोल करत नाही, गोलाकडे येणारी वाट करते. ती अरुंद आणि किंचित वाकडी ठेवतात, त्यामुळे चालकाला वेग कमी करावाच लागतो, जसा आपल्या गोंड राजाच्या कमानीपाशी करावा लागे. येणारी आणि जाणारी बाजू यांच्यामध्ये एक लहानसे बेट असते. पोराने एका बाजूची गाडी पाहून अर्धा रस्ता ओलांडायचा, बेटावर थांबायचे, मग दुसरी बाजू पाहायची. दोन्हीकडे एकदम मान वळवायला नको. झेब्रा पट्टे अगदी गोलाच्या तोंडाशी नसतात, एक गाडीभर मागे असतात, म्हणजे गोलात शिरायला थांबलेली गाडी पोरांच्या वाटेत येत नाही. मुले जिथे चालतात तिथे ताशी ३० किलोमीटरच्या वर वेग नको, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबायला चौपट अंतर लागते, हे तर आपण शाळेतच शिकलो.

सभेत एक आक्षेप आला होता की एवढ्या लहान गोलाभोवती ट्रक वळेल कसा. रास्त आक्षेप आहे. त्यासाठी गोलाच्या कडेला थोडा उतरता, फरसबंदी पट्टा ठेवतात. ट्रकचे मागचे चाक त्यावरून जाऊ शकते, पण मोटारवाल्याला तिथून जाणे सुखाचे होत नाही. दुसरा आक्षेप, लोक नियम पाळतील का? काही पाळणार नाहीत. म्हणूनच मी वळण आणि अरुंद वाटेवर भर देतो. पाटी न वाचणाऱ्यालाही वळण घ्यावेच लागते. कारंज्याच्या बाबतीत माझा विरोध पाण्याला नाही. कारंजे, पुतळा, सेल्फी पॉइंट असले काही मध्ये ठेवले की लोक ते पाहायला रस्ता ओलांडून गोलात जातात, आणि ज्यांना वाचवायचे तीच लेकरे आधी पळतात. मध्ये हिरवळ किंवा आपल्याकडची बुटकी झुडपे पुरेत.

माझा मसुदा तयार आहे. त्यात चार मागण्या आहेत: लहान एकपदरी गोल आणि कडेला ट्रकसाठी पट्टा, चारही वाटांवर थांबायचे बेट, एक गाडीभर मागे उंच केलेले झेब्रा पट्टे, आणि शाळेच्या बाजूला सलग पदपथ. त्या पदपथावर आपल्याच काही सभासदांच्या गाड्या उभ्या असतात, तेही त्यांनी जाता जाता पाहावे. शाळांच्या मुख्याध्यापकांच्या सह्या घ्यायला दोघे जण तयार झाले आहेत. मसुद्याची प्रत सचिवांच्या टेबलावर ठेवली आहे. ए आणि बी विंगच्या सह्या झाल्या, सी विंगच्या अजून निम्म्याही नाहीत. दिवाळीपूर्वी अर्ज द्यायचा आहे.