कुंड्या, खसरे आणि तक्ते

डेटाबेसच्या शास्त्रात कॉम्प्लेक्स ऑब्जेक्ट किंवा संयुक्त वस्तू म्हणजे एका ओळीत न मावणारी वस्तू. तिला घटक असतात, त्या घटकांना पुन्हा घटक असतात. काही घटक ठरावीक क्रमाने लागलेले असतात, तर काही दोन-तीन वस्तूंमध्ये सामाईक असतात. अशा वस्तू संगणकात कशा ठेवायच्या आणि ठेवल्यावर त्यांच्याविषयी प्रश्न कसे विचारायचे, यावरून १९७० ते २००० या काळात संगणकशास्त्रात एक लांबलचक वाद चालला. त्या वादातले बहुतेक मुद्दे समजण्यासाठी बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हे उदाहरण फार सोयीचे आहे.

जहांगीराच्या काळात, १६१५ मध्ये, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत ही पाणीयोजना उभी राहिली. तिची आखणी तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाने केली, असे मानले जाते. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे भूजल जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, अशी ही रचना आहे. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतराने उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, खोदलेल्या आहेत. त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. कुंड्यांतून बोगद्याला हवा मिळते आणि सफाईसाठी आत उतरताही येते. बऱ्हाणपुरात असे अनेक भंडारे होते: मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण, खुनी ऊर्फ कुंडी भंडारा. एकाहून अधिक भंडाऱ्यांचे पाणी जाली करंज या हौदात जमे आणि तेथून नळांनी शहरात जाई. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत खुनी भंडाऱ्याचे नाव आले.

या योजनेची नोंद संगणकात ठेवायची ठरवली, तर तिला निदान तीन प्रकारचे प्रश्न विचारले जातील. एखाद्या भंडाऱ्याचे सगळे भाग एकत्र दाखवा, हा पहिला. अमुक कुंडीपाशी बोगदा बुजला तर तिच्या खालच्या बाजूला कोणकोणत्या कुंड्यांचे पाणी तुटेल, हा दुसरा. भिंतींवर क्षारांचा जाड थर साचलेल्या कुंड्या कोणत्या भंडाऱ्यात सर्वांत जास्त आहेत, हा तिसरा. पहिल्यात वस्तू अखंड हवी, दुसऱ्यात एका घटकावरून पुढच्या घटकाकडे चालत जायचे आहे, आणि तिसऱ्यात वस्तूंच्या सीमा ओलांडून सगळ्या कुंड्या एका रांगेत मोजायच्या आहेत. डेटाबेसच्या प्रत्येक पिढीने यातला एखादा प्रश्न सोपा केला आणि दुसरा अवघड करून ठेवला.

पहिली पिढी झाडाची होती. अपोलो मोहिमेच्या रॉकेटाला लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साथीने १९६६ पासून आयएमएस ही प्रणाली विकसित केली. तिच्यात नोंदी आई-मुलाच्या नात्याने लागत: भंडाऱ्याखाली कुंड्या, कुंडीखाली तिच्या दुरुस्त्या. पहिला प्रश्न येथे चुटकीसरशी सुटतो. अडचण जाली करंजाची. झाडात मुलाला एकच पालक असतो, पण हौद अनेक भंडाऱ्यांचा आहे. तो प्रत्येक भंडाऱ्याखाली पुन्हा लिहिला, तर एका ठिकाणी दुरुस्ती नोंदली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी जुनीच माहिती राहते. त्यावर आडव्या दुव्यांची ठिगळे लागली. चार्ल्स बाकमन यांच्या जाळ्याच्या मॉडेलने अनेक पालकांची सोय मुळातच केली. पण दोन्हींत प्रश्न विचारणाऱ्याला वाट पाठ असावी लागे. बाकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात प्रोग्रामरला नावाड्याची भूमिका दिली ती गौरवाने. पुढच्या पिढीला मात्र तेच दुखणे वाटले.

एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध जून १९७० चा. माहिती सपाट तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक रकान्यात एकच अविभाज्य मूल्य ठेवायचे आणि नाती पॉइंटरने न दाखवता समान मूल्यांनी दाखवायची, हा त्यांचा आग्रह. भंडाऱ्यांचा एक तक्ता, कुंड्यांचा दुसरा, बोगद्याच्या तुकड्यांचा तिसरा. तिसऱ्या प्रकारचा प्रश्न त्यामुळे एसक्यूएल या प्रश्नभाषेच्या चार ओळींत मावू लागला आणि वाट शोधण्याचे काम यंत्राकडे गेले. कॉड यांचे मोठेपण येथे आहे: कोणता प्रश्न उद्या विचारला जाईल हे आज माहीत नसते, ही गोष्ट त्यांनी गृहीत धरली. किंमत दुसऱ्या प्रश्नाने मोजली. बुजलेल्या कुंडीच्या खाली किती टप्पे आहेत हे आधी ठाऊक नसेल, तर तक्ते किती वेळा जोडायचे हेच लिहिता येत नाही. त्या काळच्या प्रमाण एसक्यूएलमध्ये यावर उपायच नव्हता. यंत्रांचे आराखडे आणि इलेक्ट्रॉनिक चिपांची रचना करणाऱ्या अभियंत्यांना तर एक भाग पडद्यावर आणायला शेकडो जॉइन, म्हणजे तक्त्यांच्या जोडण्या, कराव्या लागत. आयबीएममध्येच रोजर हॅस्किन आणि रेमंड लोरी यांनी १९८२ मध्ये संयुक्त वस्तू रिलेशनल प्रणालीत कशा बसवाव्यात यावर लिहिले, ते याच तगाद्यापोटी.

एक वाट अशी निघाली की रकान्यात एक मूल्य हवे हा नियमच सैल करायचा. जपानचे अकिफुमी माकिनोउची यांनी १९७७ मध्ये हे सुचवले आणि १९८२ मध्ये येश्के आणि शेक यांनी त्याचे बीजगणित मांडले. कुंड्यांच्या रकान्यात एक अख्खा छोटा तक्ता, त्याच्या दुरुस्तीच्या रकान्यात आणखी एक. या घरट्यासारख्या तक्त्यांसाठी दोन क्रिया लागतात, एक गुंडाळण्याची आणि एक उलगडण्याची. त्यांच्यात एक खोच आहे. सपाट तक्ता गुंडाळून उलगडला की मूळ तक्ता परत मिळतो. आधी उलगडून मग गुंडाळले तर ती हमी नाही. ज्या भंडाऱ्याच्या कुंड्या अजून मोजल्याच नाहीत, तो उलगडताना एकही ओळ न देता नाहीसा होतो आणि नंतर कितीही गुंडाळले तरी परत येत नाही.

या वाटेवर एक मराठी नाव ठळक आहे. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डर्क व्हान गुख्ट यांच्यासह घरट्याचे तक्ते प्रत्यक्ष चालवून दाखवणारी प्रणाली बांधली. तिच्यावरचा त्यांचा निबंध १९८८ च्या व्हीएलडीबी या डेटाबेस परिषदेत आला. मूल्यावरून जागा शोधणारी एक रचना आणि घटकांची गुंफण राखणारी दुसरी, अशी साठवणीची विभागणी त्यांनी केली होती. वस्तूंच्या सीमा ओलांडायच्या असतील तर पहिली, अखंड वस्तू हवी असेल तर दुसरी. डॉक्टरेटनंतर काही काळ ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून ते परतले आणि १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू झाली. प्रोग्राम संपला तरी वस्तू टिकून राहते त्या गुणाला या शास्त्रात पर्सिस्टन्स म्हणतात. नाव तिथलेच आहे.

दुसरी वाट ओळखीच्या प्रश्नावरून निघाली, आणि त्यासाठी बऱ्हाणपूरच्या पटवाऱ्याचे दप्तर पाहावे. मध्य प्रदेशात शेताला खसरा क्रमांक असतो. भावांत वाटणी झाली की बटांकन होते: ४५ चे ४५/१ आणि ४५/२, पुढच्या पिढीत ४५/१/१. तापीच्या खोऱ्यातच, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, हेच काम गट क्रमांक, पोटहिस्सा आणि सातबारा या नावांनी चालते. क्रमांक बदलला तरी विहीर तीच, बांधावरचा आंबाही तोच. पण विहिरीची नोंद ४५ या आकड्याला टांगलेली असेल, तर वाटणीनंतर ती कोणाची हे नोंदीवरून कळत नाही. फेरफाराच्या जुन्या नोंदी चाळत मागे जावे लागते. तक्त्यातल्या ओळीचे असेच आहे: तिची ओळख तिच्याच मूल्यांतून बनते, मूल्य बदलले की ओळख डळमळते. सेत्राग खोशाफियन आणि जॉर्ज कोपलँड यांनी १९८६ मध्ये वस्तूची ओळख तिच्या मूल्यापासून आणि जागेपासून वेगळी असावी, असा मुद्दा पद्धतशीर मांडला. प्रत्येक वस्तूला यंत्राने एक न बदलणारा क्रमांक द्यायचा, इतर वस्तूंनी तोच धरायचा. मग जाली करंज एकदाच लिहिला जातो आणि सगळे भंडारे त्याच्याकडे बोट दाखवतात. जमिनीसाठी अलीकडे भारतभर १४ अक्षरांचा भू-आधार क्रमांक दिला जातो, पण तो भूखंडाच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेला असतो. म्हणजे ओळख पुन्हा जागेशीच बांधलेली.

न बदलणाऱ्या ओळखीच्या पायावर ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेस उभे राहिले. कोपलँड आणि डेव्हिड मायर यांनी १९८४ मध्ये स्मॉलटॉक या भाषेलाच डेटाबेस बनवण्याची योजना मांडली, तिच्यातून जेमस्टोन आले. ऑस्टिनमध्ये वॉन किम यांच्या गटाने ओरायन बांधले. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा बान्सिलाँ यांच्या गटाने १९८६ पासून ओ-टू उभारले. ऑब्जेक्टस्टोअर आणि व्हर्संट बाजारात उतरले.

यातले ओरायनचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. घटक आणि अखंड वस्तू यांचे नाते एकाच जातीचे नसते, हे त्याने ओळखले. घटक एकाच्याच मालकीचा की सामाईक, आणि मालक गेल्यावर त्याने जायचे की उरायचे, असे दोन स्वतंत्र प्रश्न त्याने विचारले. भंडाऱ्याची नोंद पुसली तर बोगद्याचे तुकडे तिच्याबरोबर जावेत, जाली करंज मात्र दुसरा भंडारा त्याला धरून आहे तोवर राहावा. हे नियम एकदा सांगितले की पाळण्याची जबाबदारी प्रणालीची. तक्त्यांच्या जगात तेव्हा ते प्रत्येक प्रोग्राममध्ये हाताने लिहावे लागत. वेगासाठी दोन युक्त्या होत्या. एका वस्तूचे घटक डिस्कवर शेजारीशेजारी ठेवायचे, म्हणजे एका वाचनात सगळी वस्तू हाती येते. आणि वस्तू मेमरीत आली की तिच्यातले कायमचे क्रमांक काढून तेथे प्रत्यक्ष पत्ते घालायचे. ऑब्जेक्टस्टोअर हे काम इतके बेमालूम करी की डेटाबेसमधल्या कुंडीवरून पुढच्या कुंडीवर जाणे साध्या प्रोग्राममधल्या पॉइंटरइतके स्वस्त पडे. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न अखेर सुटला होता.

तिसऱ्याचे काय? वस्तूचे पोट झाकलेले असावे, बाहेरच्याने तिच्या ठरवून दिलेल्या क्रियांतूनच तिच्याशी बोलावे, हे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचाराचे मूळ सूत्र. पण क्षाराचा थर किती आहे हे प्रत्येक कुंडीला क्रिया चालवूनच विचारायचे असेल, तर प्रणालीला आत डोकावता येत नाही, निर्देशांक वापरता येत नाही, सोपी वाट निवडता येत नाही. ओ-टूने व्यवहारी तोड काढली: आयत्या वेळी विचारलेल्या प्रश्नापुरते झाकण उघडायचे. त्याच्या भाषेत भंडाऱ्यापासून ठिपक्याठिपक्याने कुंड्या, त्यांच्या दुरुस्त्या, दुरुस्तीचे साल अशी वाट लिहिता येई. अशा अख्ख्या वाटेचा निर्देशांक बांधण्याच्या रीतीही निघाल्या. एलिसा बेर्तिनो आणि किम यांचे १९८९ चे काम त्यातले. पण बाजारातल्या अनेक प्रणालींनी हे मनावर घेतले नाही. सुरुवातीला काहींत धड प्रश्नभाषाच नव्हती, आणि हीच त्यांची खरी चूक ठरली.

डिसेंबर १९८९ मध्ये क्योटोच्या परिषदेत ॲटकिन्सन, बान्सिलाँ, डेविट, डिट्रिख, मायर आणि झ्डोनिक या सहा जणांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसचा जाहीरनामा मांडला. त्यात १३ अटी सक्तीच्या होत्या. पहिली संयुक्त वस्तूंची, दुसरी ओळखीची. आयत्या वेळी प्रश्न विचारण्याची सोय यादीत होती, पण शेवटी. १९९० मध्ये मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी उलट जाहीरनामा काढला: एसक्यूएल सोडू नका, तक्त्यांनाच समृद्ध प्रकार द्या. १९९३ मध्ये रिक कॅटेल यांच्या पुढाकाराने ओडीएमजी या गटाचे ऑब्जेक्ट डेटाबेससाठीचे प्रमाणक आले आणि ओ-टूच्या भाषेवरून त्याची प्रश्नभाषा ओक्यूएल ठरली. तोवर उशीर झाला होता.

निकाल मुंबईत वाचला गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये व्हीएलडीबी परिषद मुंबईत भरली. आयआयटी मुंबईचे एन. एल. सारडा तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांपैकी एक होते. तेथे मायकेल केरी आणि डेव्हिड डेविट यांनी मागल्या दहा वर्षांचा लेखाजोखा मांडला आणि त्या दशकाला गोंधळाचे दशक म्हटले. डेविट हे क्योटोच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, म्हणून त्यांच्या निष्कर्षाला वजन होते: ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसना कोपऱ्यातली बाजारपेठ मिळाली, पुढचा काळ वस्तूंची सोय असलेल्या रिलेशनल प्रणालींचा. भाकीत बरेचसे खरे ठरले. एसक्यूएल:१९९९ मध्ये वापरकर्त्याने घडवलेले प्रकार, संदर्भ आणि ॲरे आले. टप्प्यांची संख्या माहीत नसताना मागोवा घेणारी पुनरावर्ती क्वेरीही त्याच वेळी आली, आणि कॉड यांच्या तक्त्यांचे तीस वर्षांचे उणे भरून निघाले. ओडीएमजीचे काम २००१ मध्ये थांबले. व्हर्संट २०१२ मध्ये ॲक्टियन कंपनीने घेतली.

मात्र मूळ कल्पना वेगळ्या दारांनी आत शिरल्या. २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीच्या दस्तऐवजात घटक पोटातच असतात. ते आयएमएसचे झाड नव्या कपड्यांत आहे, आणि सामाईक हौदाची जुनी अडचणही त्याच्याबरोबर आली. पोस्टग्रेस हे स्टोनब्रेकर यांच्याच प्रकल्पाचे अपत्य. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीपासून तक्त्याच्या एका रकान्यात जेसॉनबी स्वरूपात अख्खी संयुक्त वस्तू ठेवता येते आणि तिच्या आतल्या भागांवर निर्देशांकही बांधता येतो. एसक्यूएल:२०२३ ने जाळ्यातल्या वाटा शोधण्याची भाषा प्रमाणकात घेतली.

सर्वांत मोठा वारसा मात्र साठवणीत दिसत नाही, प्रोग्रामच्या बाजूला दिसतो. हायबरनेट आणि पुढे २००६ चे जावा पर्सिस्टन्स प्रमाणक यांनी डेटाबेसमध्ये तक्ते, प्रोग्राममध्ये वस्तू आणि मध्ये भाषांतर करणारा थर, अशी तडजोड रूढ केली. त्यांच्या प्रश्नभाषेत ओक्यूएलची ठिपक्यांची वाट आहे, ओरायनचे मालकीचे नियमही वेगळ्या नावांनी आहेत. दोषही आला. पुस्तकी वस्तूंप्रमाणे भंडाऱ्यावरून एकेका कुंडीकडे चालत गेले, तर हा थर प्रत्येक कुंडीसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी पाठवतो. एका प्रश्नाचे शंभरावर प्रश्न होतात, आणि ते एकत्र आणायला प्रोग्रामरला जॉइन पुन्हा हातानेच सुचवावा लागतो.