सन्स ऑफ द डेझर्ट (संघटना)

'सन्स ऑफ द डेझर्ट' (अर्थ: वाळवंटाचे सुपुत्र) ही स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी या विनोदी अभिनेत्यांच्या चाहत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची स्थापना १९६५ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाली. लॉरेल व हार्डी यांच्या जीवनाचा आणि चित्रपटांचा प्रेमपूर्वक अभ्यास करणे हा संघटनेचा घोषित उद्देश आहे. मराठी प्रेक्षकांत ही जोडी 'जाड्या-रड्या' या नावाने परिचित आहे. हार्डी यांचा स्थूल देह आणि लॉरेल यांचा रडवेला चेहरा यांवरून हे नाव पडले.

== पार्श्वभूमी ==

स्टॅन लॉरेल यांचा जन्म १६ जून १८९० रोजी इंग्लंडमधील अल्व्हरस्टन येथे, तर ऑलिव्हर हार्डी यांचा जन्म १८ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील हार्लेम येथे झाला. निर्माते हॅल रोच यांच्या चित्रसंस्थेत १९२७ च्या सुमारास त्यांची जोडी जमली. मूकपट आणि बोलपट मिळून शंभराहून अधिक चित्रपटांत दोघे एकत्र दिसले.

१९५१ साली त्यांचा अखेरचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यानंतरही त्यांची लोकप्रियता ओसरली नव्हती. सप्टेंबर १९५३ मध्ये ते आयर्लंडमधील कोव्ह बंदरात उतरले, तेव्हा धक्क्यावर प्रचंड गर्दी लोटली होती आणि तेथील कॅथीड्रलच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची परिचयधून वाजवण्यात आली.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी यांचे निधन झाले. त्यानंतर लॉरेल यांनी पुन्हा अभिनय केला नाही. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे ते एका लहानशा सदनिकेत राहत. त्यांचा दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक निर्देशिकेत छापलेला असे. अनोळखी चाहत्यांचे दूरध्वनी ते घेत, त्यांच्या पत्रांना उत्तरे देत आणि घरी आलेल्यांचे स्वागत करीत. चाहता आणि कलावंत यांच्यातील हा थेट संबंध संघटनेच्या उभारणीस कारणीभूत ठरला.

== स्थापना ==

संघटनेची कल्पना जॉन मॅकेब यांची. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे पीएच.डी.साठी अध्ययन करीत असताना त्यांनी या जोडीचा रंगमंचीय कार्यक्रम पाहिला आणि पडद्यामागे जाऊन दोघांची भेट घेतली. त्या परिचयाचे स्नेहात रूपांतर झाले. त्यांनी लिहिलेले या जोडीचे चरित्र १९६१ साली प्रसिद्ध झाले. मॅकेब यांच्यासह ऑर्सन बीन, अल किलगोर, चक मॅकॅन आणि जॉन म्युनिसिनो हे संघटनेचे संस्थापक सदस्य होत. संघटनेचे मानचिन्ह व्यंगचित्रकार किलगोर यांनी रेखाटले.

संघटनेच्या घटनेचा मसुदा लॉरेल यांना दाखवून त्यांची संमती घेण्यात आली होती. 'एकही विचार नसलेली दोन मने' या आशयाचे ब्रीदवाक्य त्यांनीच सुचवले. मानचिन्हावर ते भारदस्त लॅटिन भाषेत आहे. संघटनेचे कामकाज प्रतिष्ठेने चालावे, मात्र ती प्रतिष्ठा अर्धीमुर्धीच असावी, अशीही त्यांची इच्छा होती. २३ फेब्रुवारी १९६५ रोजी लॉरेल यांचे निधन झाले.

== नाव ==

संघटनेचे नाव १९३३ च्या 'सन्स ऑफ द डेझर्ट' या चित्रपटावरून घेतले आहे. त्यात लॉरेल व हार्डी याच नावाच्या एका बंधुसंघाचे सभासद दाखवले आहेत. शिकागोच्या अधिवेशनास जाण्याची शपथ दोघे घेतात. परंतु बायकांना मात्र प्रकृतीसाठी होनोलुलूस जात असल्याचे सांगतात. होनोलुलूहून परतणारी बोट बुडाल्याची बातमी येते आणि पुढे चित्रपटगृहातील वार्तापटात अधिवेशनाची मिरवणूक पाहताना बायकांना नवऱ्यांचे दर्शन घडते. एखाद्या मंडळापायी माणूस किती वेडगळपणा करू शकतो, यावरच हा चित्रपट बेतलेला आहे. चाहत्यांनी त्याचेच नाव स्वीकारून स्वतःलाही थट्टेचा विषय केले.

== रचना ==

संघटनेच्या स्थानिक शाखेस 'तंबू' म्हणतात. प्रत्येक तंबूला या जोडीच्या एखाद्या चित्रपटाचे नाव असते. उदाहरणार्थ, लॉस एंजेलिसचा तंबू 'वे आउट वेस्ट', तर ग्लासगोचा 'बॉनी स्कॉटलंड'. प्रमुखास 'ग्रँड शेख' असे संबोधतात. त्याच्या खालोखाल 'व्हाइस-शेख' असतो. 'व्हाइस' या इंग्रजी शब्दाचे 'उप' आणि 'दुर्व्यसन' असे दोन अर्थ असल्याने हा अधिकारी दुर्व्यसन खात्याचा प्रमुख असल्याचे घटनेत म्हटले आहे. पदाधिकाऱ्यांना कोणताही अधिकार नसेल, मात्र मेजवानीत त्यांना मानाचे स्थान मिळेल, अशीही तरतूद आहे.

सभांमध्ये चित्रपट दाखवले जातात आणि ठरलेल्या क्रमाने कलावंतांच्या स्मरणार्थ पेले उंचावले जातात. लॉरेल व हार्डी यांच्याबरोबरच जेम्स फिन्लेसन, मे बुश आणि चार्ली हॉल या सहकलाकारांनाही हा मान दिला जातो. चित्रपटातील सभासदांप्रमाणे गोंड्याची लाल तुर्की टोपी घालण्याची प्रथा आहे. आंतरराष्ट्रीय अधिवेशन दर दोन वर्षांनी भरते.

== अभ्यास आणि जतन ==

या जोडीच्या मूकपटांच्या काळात वापरली जाणारी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असून काळाच्या ओघात तिचा भुगा होतो. प्रदर्शनानंतर मूकपटांना व्यापारी मूल्य उरत नसल्याने त्यांच्या प्रती जपण्याकडे दुर्लक्ष झाले. त्यामुळे खासगी संग्राहक आणि हौशी अभ्यासक यांच्या चिकाटीला महत्त्व आले. एकच लघुपट शेकडो वेळा पाहणारा चाहता इतरांच्या थट्टेचा विषय होतो. परंतु एखाद्या प्रतीत कोणता प्रसंग गाळला आहे किंवा सुटा तुकडा कोणत्या चित्रपटातील आहे, हे ओळखणारी नजर अशाच सरावातून तयार होते.

'डक सूप' (१९२७) हा लघुपट नष्ट झाल्याचे मानले जात होते. त्याची प्रत १९७४ साली बेल्जियममध्ये सापडली. सुमारे ३,००० पाय या खाद्यपदार्थाच्या फेकाफेकीसाठी प्रसिद्ध असलेल्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' (१९२७) या लघुपटाचे दुसरे रीळ २०१५ साली एका खासगी संग्रहातून मिळाले. तोवर हा प्रसंग प्रामुख्याने १९५७ च्या एका संकलनपटातील संक्षिप्त स्वरूपातच पाहता येत असे.

== स्मृतिस्थळे ==

अल्व्हरस्टन येथे बिल क्युबिन या चाहत्याने केलेल्या संग्रहातून १९८३ साली लॉरेल-हार्डी संग्रहालय उभे राहिले. २००९ साली त्याच गावात दोघांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हार्लेम येथेही संग्रहालय असून हार्डी यांच्या नावाने वार्षिक उत्सव भरतो.

ऑस्कर पारितोषिकप्राप्त 'द म्युझिक बॉक्स' (१९३२) या लघुपटात दोघे एक पियानो ज्या जिन्यावरून वर नेतात, तो १३३ पायऱ्यांचा जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही असून तेथे स्मृतिफलक बसवला आहे. याच जिन्यावर १९२७ साली 'हॅट्स ऑफ' हा मूकपट चित्रित झाला होता. त्यात पियानोऐवजी कपडे धुण्याचे यंत्र होते. त्या मूकपटाची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. केवळ स्थिरचित्रे शिल्लक आहेत आणि त्याचा शोध चालू आहे.