मागची चाके आणि निसरडी वाट

१९९० च्या सुमाराची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. आम्ही नागपूरहून भाड्याच्या अँबॅसडरने उमरेडच्या बाजूला मामांच्या गावी निघालो होतो. डांबरी रस्ता सोडून पांदणीला लागलो आणि सर आली. बघता बघता काळी माती लोण्यासारखी झाली. गाडीचा वेग मंदावताच ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाके जागच्या जागी गरगरली, गाडीचे शेपूट बाजूला सरकले आणि ती वाटेत आडवी झाली. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली आणि आमच्या शेजारून शांतपणे निघून गेली! शेवटी मामांनी आम्हा तीन पोरांना उघड्या डिकीत बसवले आणि ड्रायव्हरला अगदी हळू गाडी काढायला सांगितली. गाडी निघाली.

पोरे मागे बसल्याने गाडी जड झाली, मग ती निघाली कशी? बैलगाडी का घसरली नाही? युरोपात बर्फावर मागच्या चाकांची स्पोर्ट्‌स कार चालवणाऱ्यांपुढेही नेमके हेच प्रश्न होते. नागपुरात बर्फ पडत नाही, पण जुलैतली काळी माती आपल्याला तोच धडा शिकवते.

घर्षणाची मर्यादा

१६९९ मध्ये फ्रान्समध्ये गिलॉम आमोंतों यांनी घर्षणाचे नियम मांडले. दोन पृष्ठांमधले घर्षण त्यांच्यावरील दाबाच्या बलाच्या प्रमाणात असते. त्याआधी दोनशे वर्षे लिओनार्दो दा विंचीने हेच आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते, पण त्या वह्या कोणी वाचल्याच नव्हत्या. पुढे १७८० च्या दशकात कूलोम यांनी सविस्तर प्रयोग करून हे नियम पक्के केले.

कोरड्या डांबरावर रबरी टायरचा घर्षणांक साधारण ०.८ असतो, बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही कमी. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी थांबवायची आहे. थांबण्याचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराची दुप्पट. डांबरावर हे अंतर सहा मीटरच्या आसपास येते, बर्फावर पन्नास मीटर! इंजिन कितीही ताकदीचे असो, ही मर्यादा तेवढीच राहते.

दुसरी गोष्ट आपण विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो. टायरची पकड ही एकच शिल्लक आहे. पुढे ढकलणे, ब्रेक लावणे आणि वळणावर बाजूचा जोर पेलणे, ही तिन्ही कामे तीतूनच करायची असतात. जर्मन अभियंते वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाणारे वर्तुळ हेच दाखवते. समजा, पकड दहा एकक आहे. आठ एकक ढकलण्यात खर्च झाले, तर बाजूच्या जोरासाठी पायथागोरसच्या नियमाने सहा उरतात. दहाच्या दहा खर्च झाले, तर काहीच उरत नाही. आमच्या अँबॅसडरचे शेपूट तेव्हाच सरकले. बैलगाडीत ढकलण्याचे काम बैलांचे खूर करतात. चाक नुसते फिरते, त्यामुळे त्याची पकड बाजूचा जोर पेलायला शिल्लक राहते.

चाके मागची का?

१८८६ मध्ये कार्ल बेंझ यांनी पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत इंजिनाची शक्ती साखळ्यांनी मागच्या दोन चाकांना दिली होती. कारण सोपे होते. वळणाऱ्या चाकाला अखंड फिरवत ठेवणारा सांधा बनवणे अवघड होते. १८९१ मध्ये पानार-लेवासर कंपनीने इंजिन पुढे आणि चालक चाके मागे अशी रचना केली. पुढची अनेक दशके बहुतेक गाड्या तशाच निघाल्या. आपली अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीही त्याच घराण्यातल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आपल्याकडे सर्वसामान्यांपर्यंत पोचली.

इंजिन पुढे आणि ढकलणारी चाके मागे, यात एक गैरसोय आहे. गाडीत मागे कोणी बसलेले नसले, तर चालक चाकांवर भार कमी पडतो आणि आमोंतोंच्या नियमाने पकडही कमी. मामांनी पोरे डिकीत बसवली, ती याच नियमाने. एकूण वजन थोडे वाढले, पण चालक चाकांवरचा भार त्या मानाने बराच जास्त वाढला.

माँटे कार्लोचे घाट

१९११ पासून जानेवारीत भरणाऱ्या माँटे कार्लो रॅलीत आल्प्सचे बर्फाळ घाट लागतात. तिथे हे सगळे पणाला लागले. १९६२ आणि १९६३ मध्ये साब, १९६४ आणि १९६५ मध्ये मिनी जिंकली. दोन्ही पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, इंजिनाचे वजन थेट चालक चाकांवर असलेल्या गाड्या. त्यांच्यापुढे मागच्या चाकांच्या गाड्यांचा निभाव लागणार नाही, असे वाटू लागले होते.

पण १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे पोर्शे ९११ जिंकली. चालक चाके मागचीच, पण इंजिनही मागच्या आसाच्या मागे! गाडीचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असल्याने चढावर तिला उत्तम पकड मिळे. वळणावर मात्र तेच जड शेपूट लंबकासारखे बाहेर झुके. घाबरून पाय एकदम उचलला तर भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. जास्त दाबला तरी चाके गरगरतात. म्हणून वळणाआधीच वेग कमी करायचा, अ‍ॅक्सिलरेटर हळुवार हाताळायचा आणि शेपूट ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे, ही शिस्त तिथे पाळावी लागते.

१९८० मध्ये चारही चाकांवर चालणारी आउडी क्वाट्रो आली आणि ढकलण्याचे काम चार चाकांत वाटले गेले. तरी १९८३ मध्ये वॉल्टर रोर्ल यांनी मागच्या चाकांच्या लान्चिया ०३७ वर माँटे कार्लो जिंकली. त्या वर्षीचे उत्पादकांचे जागतिक विजेतेपदही लान्चियालाच मिळाले. त्यानंतर ते कोणत्याही दोन-चाक-चालित गाडीला मिळालेले नाही.

बर्फ निसरडा का?

आपण वर्गात सांगतो की दाबामुळे बर्फ वितळतो, म्हणून घसरायला होते. ही कल्पना जॉन जोली यांनी १८८६ मध्ये स्केटिंगच्या संदर्भात मांडली. ती टायरला लावून पाहू. टायरखालचा दाब टायरमधल्या हवेइतकाच, म्हणजे सुमारे दोन वातावरण असतो. एका वातावरणाने बर्फाचा द्रवणबिंदू अंशाच्या साधारण पाऊण शतांशाने उतरतो. म्हणजे दोन वातावरणांनी फार तर दीड शतांश अंश. उणे पाच अंशांचा बर्फ एवढ्याने कसा वितळणार?

खरे तर १८५० मध्येच मायकेल फॅरडे यांनी सुचवले होते की बर्फाच्या पृष्ठावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो. पृष्ठावरच्या रेणूंना शेजारी कमी, म्हणून ते सैल असतात. १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज यांनी प्रयोगांनी दाखवले की घासण्याने निर्माण होणारी उष्णताही बर्फ वितळवते. म्हणूनच जागच्या जागी गरगरणारे चाक आपल्याखालचा बर्फ स्वतःच अधिक निसरडा करते. काळ्या मातीत कारण वेगळे आहे. तिच्यातली माँटमोरिलोनाइटसारखी खनिजे पाणी शोषून फुगतात आणि त्यांचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांवर सरकतात. परिणाम मात्र तोच.

गाडी आणि रस्ता

पकड वाढवण्याचे मार्ग दोनच आहेत, गाडी सुधारणे आणि रस्ता सुधारणे. पहिल्या मार्गावर १९७८ मध्ये चाके जाम होऊ न देणारे इलेक्ट्रॉनिक ब्रेक आले. १९९५ मध्ये गाडी फिरू लागताच एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा आली. दुसऱ्या मार्गाचा आपल्या देशातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच गावातला. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि राष्ट्रीय महामार्गांपासून खेड्यातल्या रस्त्यांपर्यंत वर्गवारी करणारी 'नागपूर योजना' त्यांनी आखली. पांदणीवर मात्र अजूनही पावसाळ्यात मामांचाच उपाय चालतो.

वर्गात करून पाहायला रसवंतीवरून बर्फाच्या लादीचा तुकडा आणा. रबरी चपलेवर वीट ठेवून ती स्प्रिंग काट्याने आधी फरशीवर, मग बर्फावर ओढा आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. मग दुसरी वीट ठेवून पुन्हा ओढा. शेवटी विद्यार्थ्यांना विचारा, स्कूटरचे कोणते चाक ढकलते? आणि ओल्या वळणावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर पिळला तर काय होईल? त्यांच्यातले बरेच जण अठरा वर्षांचे होताच स्कूटरवर बसतील. त्याआधी त्यांना याचे उत्तर स्वतः काढता आले पाहिजे.