नगर ते रोजा : एका जुन्या वाटेवरील प्रवासाचा बेत



अमेरिकेत शिकागोपासून पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या सांता मोनिकापर्यंत जाणारा एक राजरस्ता होता. सहासष्ट हा त्याचा क्रमांक. १९२६ साली तो मुक्रर झाला. आठ संस्थानांतून जाणारी त्याची लांबी सुमारे अडीच हजार मैल. १९३० नंतरच्या दशकात धुळीच्या वादळांनी शेते उजाड झाली, तेव्हा हजारो कुणबी कुटुंबे मोडक्या मोटारींत भांडीकुंडी घालून याच वाटेने पश्चिमेकडे गेली. पुढे रुंद, सरळ असे नवे मार्ग झाले आणि १९८५ साली सरकारी यादीतून त्याचे नावही गेले. परंतु आता तेथील वृद्ध मंडळी आपल्या तरुणपणाचा शोध घेत त्या जुन्या रस्त्याच्या उरलेल्या तुकड्यांवरून मुद्दाम मोटारी हाकतात. माझा एक भाचा तिकडे असतो. गेल्या वर्षी त्याने हा प्रवास केला आणि मला विचारले, "मामा, तुमच्या गंगापुराजवळून असा एखादा रस्ता जात नाही काय?"

प्रश्न साधा होता, पण मला थोडी लाज वाटली. छत्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला. पानिपत कोठे आणि प्लासी कोठे ते नकाशावर काठीने दाखविले. परंतु आमच्या तालुक्यातून जाणारी नगरची सडक ही इतिहासाची वस्तू आहे, असे वर्गात एकदाही सांगितल्याचे मला स्मरत नाही. म्हणून माझे दोन निवृत्त सहकारी आणि मी असा बेत केला आहे की, अहिल्यानगरपासून, म्हणजे जुन्या अहमदनगरपासून, दौलताबाद व खुलताबादपर्यंतची वाट सावकाश चालावी. चालावी हे म्हणण्यापुरते, वाहन मोटारच. एकंदर अंतर शंभर मैलांच्या आतच आहे. हल्ली ते एका सकाळीत तुटते. आम्ही त्यास तीन दिवस देणार आहोत.

आरंभ भिंगारला. तेथे आलमगीर नावाचे ठिकाण आहे. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब बादशहाने नगरच्या छावणीत देह ठेविला. पंचवीस वर्षे दक्षिणेत ठाण मांडून मराठ्यांचे राज्य बुडविण्यास निघालेला हा पुरुष शेवटी येथेच संपला. त्याचे शव गोदावरी ओलांडून खुलताबादेस, ज्यास आमच्याकडील जुनी माणसे अद्याप रोजा म्हणतात, तेथे नेऊन पुरले. आमचा प्रवास जेथे संपणार तेथेच त्याचाही संपला, म्हणून बेत आखताना ही दोन टोके आम्हांस आपोआप मिळाली.

नगर सोडल्यावर जेऊर, मग इमामपूरचा घाट, घोडेगाव, वडाळा. या पट्ट्यात आम्ही फार रेंगाळणार नाही. नेवाशास मात्र सडक सोडून आत वळावयाचे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली असे मानतात, तो पैस खांब तेथे आहे. तो पाहावयास सारेच जातात. परंतु त्याच गावी प्रवरेच्या काठी डॉ. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले आणि अश्मयुगापासूनची मनुष्यवस्ती उजेडात आणली, हे किती यात्रेकरूंना ठाऊक असते?

आता मुख्य मुक्काम. प्रवरा जेथे गोदावरीस मिळते, तेथे दक्षिण तीरावर टोके आणि समोर उत्तर तीरावर आमच्या तालुक्यातील कायगाव. टोक्याचे सिद्धेश्वराचे देऊळ पेशवाईतले आहे; त्याच्या दगडी भिंतींवरील कोरीव काम पाहण्यास अर्धा दिवसही अपुरा पडेल. पण या जागेचे महत्त्व देवळाहून जुने आहे. नगरहून औरंगाबादेस जाणाऱ्यास गोदावरी कोठेतरी ओलांडणे भागच, आणि ती ओलांडण्याची ही जागा. सैन्याचे भवितव्य पुष्कळदा लढाईच्या मैदानावर नव्हे, तर अशा उतारावर ठरते. याची दोन उदाहरणे याच टापूत घडली.

पहिले १७२८ चे. निजामुल्मुल्क पुण्याच्या बाजूस उतरला होता. पहिल्या बाजीरावाने त्याच्याशी समोरासमोर गाठ न घालता त्याच्याच मुलुखात धामधूम उडविली, तेव्हा त्यास माघारी धावावे लागले. घाईत त्याचा जड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारीच्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांच्या घोडदळाने त्यास कोंडले आणि त्याचे पाणी व दाणागोटा तोडला. ६ मार्चला मुंगी-शेवगावी तह झाला. तोफांवर भिस्त ठेवणाऱ्याला तोफांशिवाय लढण्याची वेळ आली, हे त्यातले मर्म. पालखेड आमच्या वाटेपासून थोडे आडबाजूस पडते, तरी तेथे जाण्याचा माझा आग्रह आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे, तेथे पाहण्यासारखे काय आहे? पाहण्यासारखे फारसे नसेलही. उभे राहण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण १८०३ चे. जनरल वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने १२ ऑगस्टला नगरचा किल्ला घेतला आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर चालून जाण्यास भर पावसाळ्यात टोक्याला आला. गोदावरी दुथडी भरलेली. आपल्याला वाटावे की असल्या ऋतूत मोहीम काढणे हा वेडेपणा. परंतु त्याचा हिशेब उलटा होता. मराठ्यांचे बळ त्यांच्या चपळ स्वारांत. नदीला उतार असेपर्यंत ते पाहिजे तेव्हा पलीकडे जाऊन मुलूख लुटू शकतात. पूर असला की अडतात. वेलस्लीने मात्र वेताच्या विणीवर कातडे ताणलेल्या गोल टोपल्यांच्या नावांची तजवीज केली होती. त्या नावांतून त्याचे सारे लष्कर पार झाले, २९ ऑगस्टला तो औरंगाबादेस पोहोचला आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. मराठ्यांकडे शौर्य उणे नव्हते, तोफाही उत्तम होत्या; नदी कशी वापरावी याचा विचार मात्र आधी दुसऱ्याने केला. कायगावच्या घाटावर उभे राहून हे मनात आणले म्हणजे छातीत काही तरी दुखल्यावाचून राहत नाही.

या नदीने आणखी एक गोष्ट केली. दीर्घकाळ ती दोन राज्यांची सीमा होती: टोके इंग्रजांच्या मुलुखात, कायगाव निजामाच्या. माझी आजी सांगे की नगरच्या बाजूचे सोयरे आले म्हणजे आधी नाण्यांचा हिशेब होई. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. शिवाय करोडगिरीची, म्हणजे जकातीची, तपासणी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण आले आणि ही सीमा गेली. बोली मात्र दोन्ही तीरांवर एकच होती आणि आजही आहे.

कायगावाहून पुढे थोडी वाट वाकडी करून गंगापुरास माझ्या घरी मुक्काम. भाकरी-पिठल्याचा बंदोबस्त सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतला आहे. दुसऱ्या दिवशी ढोरेगाव, दहेगाव बंगला, लिंबे जळगाव, वाळूज. दहेगावच्या नावाला चिकटलेला 'बंगला' हा शब्द मोटारीतून धावणाऱ्यांच्या कानांवर पडतो, पण प्रवाशांनी बैल सोडून, घोडे बांधून रात्र काढावयाची ती जागा, हा त्यातला अर्थ कोणी मनात आणीत नाही. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात दिल्लीहून दौलताबादेस येणाऱ्या सडकेचे वर्णन करतो. चाळीस दिवसांची ती वाट दोहों बाजूंच्या झाडांमुळे बागेतून गेल्यासारखी वाटे आणि थोड्या थोड्या अंतरावर डाकेची ठाणी असत, असे त्याने लिहिले आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी हलविली, त्याच्या लहरीची कथा आपण मुलांना हसून सांगतो. त्या सडकेची सांगत नाही.

आमच्या सडकेवरही झाडे होती. १९७० च्या सुमारास मी वडिलांबरोबर बैलगाडीतून नदीवर जात असे, तेव्हा कडुनिंबांची आणि वडांची सावली एका झाडाकडून दुसऱ्याकडे पोहोचत असे. रस्ता रुंद होत गेला तशी ती विरळ झाली. रस्ता रुंद होऊ नये असे मी म्हणणार नाही. रुग्णास वेळेवर दवाखान्यात नेणारा रस्ता रुंदच हवा. आता तर वैजापूर व गंगापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झाला. माझा मुलगा म्हणतो, "बाबा, त्यावरून जा, तासाभरात काम होईल." त्याला कसे सांगावे, की आमचे काम तासाभरात होऊ नये हीच आमची इच्छा आहे!

वाळूजच्या कारखान्यांमधून शहरात शिरावयाचे. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास वसविलेली खडकी, तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. तेथे न थांबता छावणीतून दौलताबाद आणि सायंकाळी खुलताबाद. हिंदुस्थानच्या त्या बादशहाची कबर उघड्या आकाशाखाली, वर घुमट नसलेली, साध्या मातीची आहे.

राहिला प्रश्न मुहूर्ताचा, आणि तोच सर्वांत कठीण ठरला. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले तेव्हापासून नाथसागराचे पाणी कायगाव-टोक्यापर्यंत फुगते. दिवाळीनंतर हवा गोड असते, पण धरण भरलेले असले तर घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात. वैशाखात पायऱ्या उघड्या पडतात, पण ऊन आम्हां म्हाताऱ्यांस सोसावयाचे नाही. आमच्यातील एका सहकाऱ्याची दृष्टी झपाट्याने मंद होत आहे. लहानपणी तो या घाटावरून पोहत पलीकडे जाई; ज्या पायरीवर कपडे ठेवीत असे ती पायरी त्यास डोळ्यांनी पाहावयाची आहे. डॉक्टरांनी त्यास वर्षभराचाही भरवसा दिलेला नाही. तेव्हा दिवाळीचा विचार सोडून दिला. येत्या चैत्रात, पाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, पहाटे पाच वाजता भिंगारहून निघावयाचे आणि ऊन चढण्यापूर्वी टोके गाठावयाचे, असे ठरले आहे. त्या दिवसापुरते नेवासे परतीवर ठेविले आहे.