औषधाची किंमत आणि पेटंट कायदा : एक ऐतिहासिक आढावा

स्वातंत्र्योत्तर भारताच्या आरोग्यधोरणाची चर्चा बहुधा रुग्णालये, डॉक्टर आणि अंदाजपत्रकातील तरतुदी यांभोवती फिरते. औषधाची किंमत ज्या कायद्यावर अवलंबून असते, त्या पेटंट कायद्याचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात या कायद्याच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

स्वातंत्र्यानंतरही देशात १९११ चा ब्रिटिशकालीन कायदा लागू होता. त्या काळातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती असून त्यांपैकी फारच थोडी येथील उत्पादनासाठी वापरली जातात, असे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवून दिले. त्या आधारे झालेला १९७० चा कायदा १९७२ मध्ये अंमलात आला. त्याने औषधाला पेटंट नाकारले. केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला, तेही जास्तीत जास्त ७ वर्षांसाठी, पेटंट देऊ केले.

मात्र कायद्याने मुभा मिळते, कौशल्य नव्हे. ते कौशल्य घडविण्यास आधीच प्रारंभ झाला होता. पिंपरी येथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना त्याचे ठळक उदाहरण होय. क्षमता आणि कायदा यांच्या संयोगाचे फळ पुढे जगाला दिसले. एचआयव्हीवरील तीन औषधांच्या वर्षभराच्या उपचारास पाश्चात्त्य देशांत १०,००० डॉलरहून अधिक खर्च येत असताना, २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तो ३५० डॉलरमध्ये देऊ केला.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून भारताला औषधांनाही पेटंट देणे भाग पडले. तरीही कलम ३(ड) द्वारे जुन्या औषधातील किरकोळ बदलांना पेटंट नाकारण्याची तरतूद झाली. ग्लिवेक प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्याच आधारे निर्णय दिला. तत्पूर्वी २०१२ मध्ये नॅटको कंपनीला देशातील पहिला सक्तीचा परवाना मिळाला आणि कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला.

परंतु हे ८,८०० रुपयेही शेतमजुराच्या आवाक्याबाहेरचेच होते. म्हणजे उत्पादनक्षमता आणि कायदा यांमुळे औषध स्वस्त होते. ते गरजू रुग्णापर्यंत पोहोचविण्यासाठी सार्वजनिक खर्चाची जोड अपरिहार्य ठरते. पहिल्या दोन बाबतींत भारताने जगाला मार्ग दाखविला. तिसऱ्या बाबतीतील उणीव दूर झाल्याखेरीज त्या यशाचा लाभ सामान्य रुग्णाला पूर्णपणे मिळणार नाही.